बारेसीची रेषा

१६ मे १९८२. चेझेनाच्या मैदानावर एसी मिलान या इटालियन फुटबॉल क्लबने हंगामातला शेवटचा सामना ३-२ असा जिंकला. आधी दोन गोल खाल्ले, मग तीन मारले. तरी उपयोग झाला नाही. तिकडे नेपल्समध्ये जेनोआने शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी साधली, त्या एका गुणावर जेनोआ तरला आणि मिलान सेरी आ या सर्वोच्च श्रेणीतून घसरून सेरी बी या दुय्यम श्रेणीत गेला. दोन वर्षांतली ही दुसरी घसरण. पहिली १९८० ची. मैदानावर मिलान तिसरा आला होता, पण सट्टेबाजीच्या तोतोनेरो प्रकरणात क्लबच्या अध्यक्षांवर आणि गोलरक्षकावर बंदी आली आणि शिक्षा म्हणून अख्खा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. ती घसरण दुसऱ्यांच्या पापाची म्हणता येते. १९८२ ची मात्र स्वतःच्या पायांनी ओढवून घेतलेली.

त्या संघात २२ वर्षांचा बचावपटू फ्रँको बारेसी होता. त्याच हंगामात रक्तातल्या संसर्गाने त्याला काही महिने मैदानाबाहेर ठेवलं होतं. चेझेनानंतर दोन महिन्यांच्या आत, ११ जुलैला, इटलीने माद्रिदमध्ये विश्वचषक जिंकला. बारेसी त्या २२ जणांत होता, पण एक मिनिटही खेळला नाही. त्याची जागा गाएतानो शिरेआची होती आणि शिरेआला हलवणं कुणाच्याही हातात नव्हतं. म्हणजे जगज्जेत्या संघाचं पदक घेऊन हा मुलगा घरी आला आणि ऑगस्ट-सप्टेंबरात दुय्यम श्रेणीच्या मैदानांवर खेळायला उभा राहिला. विश्वचषकातला त्याचा मिलानचा साथीदार फुल्व्हिओ कोलोवाती त्याच उन्हाळ्यात शहरातल्याच इंटरकडे गेला. आल्दो माल्देरा रोमाकडे गेला. बारेसी राहिला आणि कर्णधार झाला.

निष्ठा हा शब्द इथे जपून वापरावा, असं मला वाटतं. त्या काळात करार संपला म्हणून खेळाडू मोकळा होत नसे, त्याच्यावरचा हक्क क्लबकडेच राही. इटलीत १९८१ च्या कायद्याने हे बंधन टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात केली, आणि सगळ्या युरोपात खेळाडू खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालानंतर. तेव्हा १९८० मध्ये २० वर्षांच्या पोराने 'मी जाणार नाही' असं म्हटलं काय आणि न म्हटलं काय, फरक थोडाच पडला असता. पण क्लब त्याला विकू शकत होता आणि घेणारे रांगेत उभे असते. १९८२ नंतर तर दरवर्षी हा प्रश्न उघडा होता. त्याचं उत्तर वीस हंगाम एकच राहिलं. मिलानकडून ७१९ सामने, १९७८ ते १९९७.

गंमत अशी की त्याला मुळात इंटरला जायचं होतं. ब्रेशाजवळच्या त्राव्हाल्यातो या गावातले हे दोघे भाऊ. थोरला ज्युसेप्पे इंटरने घेतला. फ्रँकोला चाचणीत नाकारलं, अंगाने फार किरकोळ म्हणून. मिलाननेही लगेच हो म्हटलं नाही, पण शेवटी ठेवून घेतलं. किशोरवयातच आई गेली, मग वडील गेले. क्लबच्या वसतिगृहात वाढलेल्या मुलाचं क्लबशी नातं पगाराच्या आकड्यावर मोजलं जात नाही, एवढं यातून कळतं. मिलानी बोलीत त्याला 'पिशिनिन' म्हणायचे, म्हणजे छोटू. मोठा झाल्यावरही उंची १ मीटर ७६ सेंटिमीटरच राहिली. मधल्या बचावपटूसाठी ही उंची तेव्हाही कमीच होती. इंटरची शंका अगदीच खोटी नव्हती, फक्त त्यांनी चुकीची गोष्ट मोजली.

एकाच क्लबला आयुष्य देणाऱ्यांची नावं आठवून पाहिली, तर बचावपटू सारखे समोर येतात. इंटरचा बेर्गोमी, आर्सेनलचा टोनी अॅडम्स, बार्सिलोनाचा पुयोल, आणि बारेसीच्या शेजारीच खेळलेला पाओलो माल्दिनी. गोल करणारा माणूस आपली कला बॅगेत घालून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. उजव्या पायाचा फटका सगळीकडे सारखाच लागतो. बचावपटूचं निम्मं कौशल्य मात्र त्याच्या अंगात नसतंच. ते त्याच्या आणि शेजारच्याच्या मधल्या आठ-दहा मीटरच्या रिकाम्या जागेत असतं. ती जागा बांधून नेता येत नाही. बारेसीच्या मिलानमध्ये हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

सुरुवातीला तो लिबेरो होता. लिबेरो म्हणजे मोकळा माणूस. बाकीचे बचावपटू एकेका आघाडीवीराला चिकटलेले आणि हा त्यांच्या पाच-सात मीटर मागे, कुणालाही न बांधलेला. पुढच्याची चूक झाली की ती निस्तरायची, चेंडू मिळाला की तो घेऊन वर निघायचं. २३ एप्रिल १९७८ ला व्हेरोनामध्ये प्रशिक्षक नील्स लिडहोल्म यांनी त्याला पहिला सामना दिला, आणि पुढच्याच हंगामात १८ वर्षांचा लिबेरो घेऊन मिलानने आपलं दहावं विजेतेपद मिळवलं. नऊ वर्षं तो हीच जागा खेळला. धोका दिसला की मागे सरायचं, ही सवय हाडात मुरली.

१९८७ मध्ये अरिगो साक्की प्रशिक्षक म्हणून आले आणि नेमकी तीच सवय मोडायची वेळ आली.

साक्की यांचं मोजमाप साधं होतं. सर्वांत मागच्या बचावपटूपासून सर्वांत पुढच्या आघाडीवीरापर्यंत २५ ते ३० मीटर, त्यापेक्षा जास्त नाही. मैदान १०५ मीटर लांब. म्हणजे गोलरक्षक सोडून दहा माणसं मैदानाच्या चौथ्या हिश्शात कोंबायची आणि तो अख्खा तुकडा चेंडूबरोबर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवायचा. हे जमायचं तर बचावफळी आपल्या गोलजवळ बसून चालत नाही, तिला मध्यरेषेच्या दिशेने वर यावं लागतं. मग तिच्या पाठीमागे ४० मीटरचं उघडं रान राहतं. त्या रानावर पहारा द्यायला कुणी लिबेरो नाही. पहारा देतो ऑफसाइडचा नियम (पास सुटताना आघाडीवीर बचावफळीच्या पलीकडे असला तर तो बाद), आणि चौघांनी एका क्षणी टाकलेलं पाऊल. उजवीकडे माउरो तासोत्ती, मध्ये अलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता किंवा फिलिप्पो गाल्ली, त्यांच्या जोडीला बारेसी, डावीकडे माल्दिनी.

रेषा वर यायची की मागे जायची, हे कोण ठरवतं? चेंडू ठरवतो. नुसता चेंडू कुठे आहे एवढं पाहून भागत नाही, चेंडूवाल्याला पुढे पाहता येतंय का हे पाहावं लागतं. इटालियन प्रशिक्षकांकडे यासाठी दोन नेमके शब्द आहेत: 'पाल्ला कोपेर्ता' आणि 'पाल्ला स्कोपेर्ता', झाकलेला चेंडू आणि उघडा चेंडू. चेंडूवाल्याच्या अंगावर आपला माणूस आहे, त्याची पाठ आपल्याकडे आहे, मान खाली आहे, किंवा त्याने नुकताच मागे पास दिलाय, तर चेंडू झाकलेला. रेषा दोन-चार पावलं वर. त्याने मान वर केली, समोर कुणी नाही आणि पाय मागे घेतलाय, तर चेंडू उघडा. तेव्हा वर येणं म्हणजे आत्मघात. चौघांनी ताबडतोब मागे पळत सुटायचं. ही मागे-पुढे होणारी हालचाल म्हणजे 'एलास्तिको', रबरासारखी. एका सामन्यात ती शेकडो वेळा होते आणि प्रेक्षकाला त्यातल्या चार-पाचच दिसतात, लाइनमनचा ऑफसाइडचा झेंडा वर गेला तेव्हाच्या.

एक प्रसंग हळू करून पाहू. समोरच्या मध्यरक्षकाकडे चेंडू, मिलानचा मध्यरक्षक आन्चेलोत्ती त्याच्या अंगावर धावून गेलाय. मध्यरक्षकाने घाबरून आपल्याच बचावपटूकडे मागे पास दिला. चेंडू त्याच्या पायातून सुटला त्याच क्षणी बारेसी वर निघतो. चेंडू पोचल्यावर निघून उपयोग नाही. पास प्रवासात असतो ते एक-दीड सेकंद हीच मिळकत. तेवढ्यात रेषा पाच-सहा मीटर वर येते. आता समजा पुढचा पास लगेच आला, आघाडीवीर ताशी २५ किलोमीटरने गोलकडे निघालाय, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. बचावपटू उलट दिशेने सेकंदाला ३ मीटरने येतोय. एका सेकंदाच्या पाचव्या भागात दोघांमधलं अंतर दोन मीटरने बदलतं. पास देणाऱ्याला चेंडू थांबवून मारायला तेवढाच वेळ लागतो. मान वर करताना जो आघाडीवीर सरळ, म्हणजे ऑफसाइड नसलेला, दिसत होता, तो चेंडू सुटताना दोन मीटर ऑफसाइड. सापळा म्हणतात तो एवढाच, पाचव्या भागाचा.

यात उभं कसं राहायचं तेही ठरलेलं असतं. चेंडूकडे छाती करून, टाचा टेकवून उभा राहिलेला बचावपटू गेलाच. त्याला वळायला अर्धा सेकंद लागतो आणि त्यात आघाडीवीर साडेतीन मीटर पुढे निघून जातो. म्हणून अंग अर्धं वळलेलं, गुडघे किंचित वाकलेले, वजन पंज्यांवर, एक नजर चेंडूवर आणि दुसरी खांद्यावरून मागे. बारेसीची जुनी चित्रफीत लावून चेंडूकडे पाहणं सोडलं आणि फक्त त्याच्या पायांकडे पाहिलं, तर तो क्वचितच स्तब्ध सापडतो. टॅकलसाठी तो घसरत जायचा ते लोकांना आठवतं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते घसरण्याच्या आधी टाकलेलं छोटंसं पाऊल. उंची नसलेल्या माणसाला उंच चेंडूसाठी झगडून चालत नव्हतं, म्हणून चेंडू उंच व्हायच्या आत पोचणं त्याने शिकून घेतलं.

आणि तो हात. उजवा हात सरळ वर, ऑफसाइड मागणारा. अनेकांना तो आरडाओरडा वाटे, लाइनमनवर दबाव. त्यात तेही असेल. पण मैदानावरच्या पोरांना प्रशिक्षक जे ओरडून सांगतात ते बारेसीला सांगावं लागत नसे: हात वर करून थांबायचं नाही. हात वर जातो तेव्हा पाय हमखास थबकतात आणि झेंडा आला नाही तर समोर फक्त गोलरक्षक उरतो. बारेसी हात वर करून मागे धावत असायचा.

हे सगळं चार जणांत बिघडतं कसं? बहुतेक वेळा चेंडूपासून लांबच्या बाजूला. चेंडू उजवीकडे असेल तर डावीकडचा बचावपटू त्यापासून सगळ्यांत दूर आहे, त्याच्या मागे एखादा विंगर घुटमळतोय. भीतीने तो दोन मीटर मागे राहतो. झालं. तिघांनी टाकलेली पावलं वाया गेली, कारण ऑफसाइड मोजतात ती गोलरक्षक धरून मागून दुसऱ्या माणसापासून, आणि तो माणूस आता हाच. दुसरा बिघाड पुढे होतो. मध्यरक्षक दाब द्यायला अर्धा सेकंद उशिरा पोचला तर चेंडू उघडा असतो, पण रेषा तो झाकलेला समजून वर आलेली असते. गोल खाल्ल्यावर दोष बचावफळीला मिळतो, चूक ३० मीटर पुढे झालेली असते. तिसरा बिघाड हुशार विरोधक घडवून आणतो. आघाडीवीर मुद्दाम ऑफसाइडमध्ये रेंगाळतो, बचावपटूंचं लक्ष खेचतो, आणि मागून धावत आलेला मध्यरक्षक रेषा पार करतो. त्याच्यासाठी रेषेने वर न येता थांबायचं असतं. आणि शेवटचा, सगळ्यांत साधा: दोन जणांनी दोन वेगळ्या हाका मारणं. हाक एकाचीच हवी.

पण हाक तरी ऐकू कुठे येते? मिलानच्या सान सिरो स्टेडियममध्ये ८० हजार लोक असताना माल्दिनीला बारेसीचा आवाज पोचत नाही. त्याला बारेसीचा खांदा वाचावा लागतो, कमरेचा कल वाचावा लागतो. हे वाचन फळ्यावर शिकवून येत नाही. मिलानेल्लोच्या सराव मैदानावर साक्की चेंडूशिवाय सराव घेत. चेंडू कुठे आहे ते ते ओरडून सांगायचे आणि अकरा जण नसलेल्या चेंडूभोवती सरकायचे. दुसरा सराव त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितला आहे. गुलिट आणि व्हान बास्टेन यांना या शिस्तीचा उपयोग पटत नव्हता. त्यांना साक्की म्हणाले, तुम्ही दहा जण घ्या, माझ्याकडे गोलरक्षक आणि चार बचावपटू, पंधरा मिनिटं, चेंडू आम्ही काढून घेतला तर तुम्ही पुन्हा आपल्या अर्ध्यातून दहा मीटर आतून सुरू करायचं. जगातले उत्तम आघाडीवीर, दुप्पट माणसं, आणि गोल झाला नाही.

त्या चौघांचा हिशेब बघा. तासोत्ती १९८० पासून मिलानमध्ये, सेरी बी पाहिलेला. माल्दिनी आणि कोस्ताकुर्ता क्लबच्याच युवा संघातून वर आलेले. माल्दिनीने जानेवारी १९८५ मध्ये पहिला सामना खेळला तेव्हा १६ वर्षांचा होता, आणि कर्णधार होता बारेसी. १९८७-८८ च्या हंगामात ३० सामन्यांत मिलानने फक्त १४ गोल खाल्ले आणि विजेतेपद मिळवलं. १९८९ मध्ये रिआल माद्रिदला सान सिरोवर ५-०, अंतिम सामन्यात स्तेआउआला ४-०, पुढच्या वर्षी व्हिएन्नात बेनफिकाला १-०, असे सलग दोन युरोपियन चषक. १९९० मध्ये नियमच बदलला. तोवर बचावपटूच्या बरोबरीत असलेला आघाडीवीर ऑफसाइड धरला जाई, आता तो सरळ धरला जाऊ लागला. रेषेचा एक फुटाचा नफा कागदावर गेला. साक्कींनंतरचे प्रशिक्षक कापेलो यांनी बचाव थोडा खाली घेतला, पुढे फ्रेंच खेळाडू मार्सेल देसाईचा अडसर घातला, आणि १९९३-९४ मध्ये ३४ सामन्यांत १५ गोल खाऊन मिलान सलग तिसऱ्यांदा विजेता झाला. त्या हंगामात त्यांनी मारलेले गोल अवघे ३६ होते. बारेसी ३४ वर्षांचा झाला होता. चौघांना एकत्र सातवं वर्ष चालू होतं.

मग आली अथेन्सची रात्र, १८ मे १९९४. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर क्रॉइफ यांची बार्सिलोना, पुढे रोमारिओ आणि स्टोइच्कोव्ह. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित. मधली जोडीच गायब. माल्दिनीला मध्ये आणलं, शेजारी फिलिप्पो गाल्ली, तासोत्ती कर्णधार. मिलान ४-० ने जिंकला. बारेसीच्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा पुरावा मला या सामन्यात दिसतो, ज्यात तो खेळलाच नाही. त्याने वर्षानुवर्षं खांद्याने जे सांगितलं होतं, ते आता तो नसतानाही बाकीच्यांना पाठ होतं.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, २३ जूनला, विश्वचषकात नॉर्वेविरुद्ध त्याच्या गुडघ्यातली गादी फाटली. न्यूयॉर्कमध्येच दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. १७ जुलैला, २४ दिवसांनी, तो पासाडेनाच्या मैदानावर अंतिम सामन्यात ब्राझीलसमोर उभा होता. दुपारी साडेबाराचं ऊन. कोस्ताकुर्ता पुन्हा निलंबित, त्यामुळे शेजारी माल्दिनी. समोर रोमारिओ आणि बेबेतो, दोघेही बुटके, चपळ, रेषेच्या धारेवर जगणारे. १२० मिनिटं एकही गोल झाला नाही. शेवटी शेवटी पायांत गोळे येत होते तरी तो उभा होता. पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा पहिली त्यानेच घेतली आणि चेंडू गोलपट्टीवरून उडाला. पुढे मास्सारोचा फटका अडवला गेला, रोबेर्तो बाज्जोचाही वरून गेला. जग बाज्जोची चुकलेली पेनल्टी लक्षात ठेवतं. बारेसी गुडघ्यांवर बसून रडला त्याचंही छायाचित्र आहे. १९८२ च्या पदकात त्याचं एक मिनिटही नव्हतं, १९९४ मध्ये त्याने शक्य होतं ते सगळं दिलं आणि हाती रौप्य आलं.

तो १९९७ पर्यंत खेळला. शेवटचा हंगाम वाईट गेला, मिलान अकराव्या स्थानावर आला, साक्की मध्येच परत आले तरी गाडी रुळावर आली नाही. ३७ व्या वर्षी धाव कमी होते तेव्हा बचावपटू नकळत दोन पावलं मागून सुरुवात करतो, आणि मग सगळी रेषाच त्याच्याबरोबर मागे येते. हे त्यालाही कळत असणार. त्याच उन्हाळ्यात तासोत्तीही थांबला. मिलानने ६ क्रमांकाची जर्सी कायमची बंद केली आणि कर्णधाराची पट्टी माल्दिनीकडे गेली.

१९ मे २००७ ला कोस्ताकुर्ता सान सिरोवर ४१ व्या वर्षी शेवटचा सामना खेळला आणि पेनल्टीवर गोल केला. चार दिवसांनी मिलान पुन्हा अथेन्समध्ये होता, त्याच ऑलिंपिक स्टेडियममध्ये, समोर लिव्हरपूल. बाहेर प्रशिक्षक म्हणून आन्चेलोत्ती उभे, त्यांचे साहाय्यक तासोत्ती. १९९४ च्या अकरा जणांतला गवतावर फक्त एक उरला होता, ३८ वर्षांचा माल्दिनी, दंडावर तीच पट्टी. मिलान २-१ ने जिंकला.